विलायती जमीन

सायकलच्या कॅरिअरला डांबराचा डबा बांधून हे अंगणात शिरले, तेव्हा मी ओट्यावर बसून गहू निवडत होते. डबा उतरवताना यांचा आव असा, की जणू एखादा गड सर करून आलेत. पायजम्यावर तीन डाग पडले होते आणि चौथा कानामागे होता. हायवेचं काम करणारा कोणी कंत्राटदार यांच्या ओळखीचा निघाला होता आणि त्यानं डबा भरून दिला होता.

“रविवारच्या आत खड्डा बुजवतो,” हे म्हणाले. “मिस्त्री कशाला पाहिजे त्याला?”

मिस्त्री न बोलावता यांनी दुरुस्त केलेल्या वस्तू घरात पुष्कळ होत्या. यांनी स्टोव्ह सुधारल्यापासून शेजारच्या काकू आमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवत नव्हत्या. भिंतीवरच्या घड्याळाचा एकदा यांनी समाचार घेतला, तेव्हापासून मी रेडिओच्या बातम्यांवर कुकर लावत होते. कचेरीत दिवसभर दाखले लिहिणाऱ्या माणसाला घरी आल्यावर आपण साक्षात विश्वकर्मा आहोत असं वाटू लागतं, त्यातली गत. उंटावरून शेळ्या हाकणारे लोक मी पाहिले आहेत, पण हे उंटावर बसून शेळीची धार काढायला निघत.

गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची, भुसावळची. आमचं घर पूर्वी कापसाच्या एका जुन्या प्रेसचं ऑफिस होतं. प्रेस बंद पडली, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, ते घेतलं. बाकी सगळ्या गल्लीत शहाबादी फरशी, आमच्याकडे मात्र तिन्ही खोल्यांत काळीभोर डांबराची जमीन. कुणा गोऱ्या साहेबानं वाळवी लागू नये म्हणून घालून घेतलेली. अण्णांना या जमिनीचा असा काही अभिमान होता, की ती त्यांनी स्वतः बोटीतून आणली असावी. आल्यागेल्याला म्हणायचे, “ही विलायती जमीन आहे. पन्नास वर्षं झाली, तडा नाही.” तडे होते. उन्हाळ्यात खाटेचे पाय त्यात रुतायचे, म्हणून आम्ही प्रत्येक पायाखाली डब्याचं झाकण ठेवत असू. विलायतेत बहुधा खाटा नसाव्यात.

त्या चैत्रात पाहुण्यांसाठी जागा करायची म्हणून बैठकीच्या खोलीतलं लोखंडी कपाट हलवलं, तर त्याच्याबरोबर जमिनीचा तुकडाच उचलून आला. दोन हात लांब, हातभर रुंद. खाली नुसती माती, आणि मातीत वाळवी. साहेब तिला शेवटपर्यंत चुकवू शकला नव्हता. खड्डा पडला तो नेमका आतल्या दारापासून खुर्च्यांकडे जायच्या वाटेवर.

रविवारी चार वाजता माझ्या नणंदेला, शालूला, बघायला धुळ्याचे बागड येणार होते.

शालू अठ्ठावीस वर्षांची, शाळेत मास्तरीण. लोकांच्या लेखी हे तिसरं स्थळ, पण खरं काय ते फक्त मला माहीत होतं. मुलगा, अरविंद बागड, ड्रॉइंग मास्तर. जळगावला शिक्षकांचं महिनाभराचं शिबिर झालं, तिथे दोघांची ओळख झाली. त्यानंतर सहा महिने शाळेच्या पत्त्यावर पत्रं येत होती. त्यानं घरी विषय काढून कशीबशी मंडळी बघायला यायला तयार केली होती. आई नव्हती त्याला, आत्यानं वाढवलं होतं, आणि आत्यानं आपल्या सासरकडची एक पुतणी त्याच्यासाठी हेरून ठेवली होती.

“वहिनी, आत्याला नाही म्हणायला फक्त एक कारण हवंय,” शालू मला म्हणाली होती. “ते मिळू द्यायचं नाही. बस्स.”

तिनं त्यासाठी पंधरा दिवस जिवाचं रान केलं होतं. पडदे धुतले, कपबश्या शेजारून मागून आणल्या, चिवड्यात शेंगदाणे किती हेसुद्धा ठरवलं. एवढी शहाणी मुलगी, पण पत्र आलं की तिचे कान लाल व्हायचे. मला तिचं कौतुक वाटायचं, आणि थोडा हेवाही.

तर हे डबा घेऊन आले. मी उठले, काडीनं थोडं डांबर काढलं, पाण्याच्या बादलीत बुडवून गार केलं आणि त्यावर नख दाबलं. नख आत गेलं. माझे वडील सरकारी रस्त्यावर मुकादम होते. चाळीसगावकडच्या रस्त्यावर त्यांची पंचवीस वर्षं गेली आणि आमचं लहानपण डांबराच्या भट्टीशेजारी. ते असंच बघायचे. नख रुतलं तर रस्त्याचं, नख घसरलं तर घराचं, गच्चीचं.

मी यांना तेच सांगितलं. रस्त्याचं डांबर मऊ असतं, ते घरात चालणार नाही. त्यापेक्षा जमिनीचे निघालेले तुकडे टाकू नका, तेच पुन्हा वितळवा, त्यात दगडाची बारीक पूड घाला. खड्ड्याच्या सैल कडा आधी छिनीनं सरळ कापून घ्या, माती झाडा आणि मग गरम गरम ठोकून बसवा. जुनी जमीन जुन्याच मालानं सांधते. मी एका दमात एवढं बोलले, कारण त्या घरात मला माहीत असलेला विषय पाच वर्षांत पहिल्यांदाच निघाला होता.

अण्णा आरामखुर्चीत होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं आणि यांच्याकडे बघून हसले. “मुकादमाची लेक बोलली बाबा. सूनबाई, ही विलायती जमीन आहे, चाळीसगावचा रस्ता नाही.”

हेही हसले. “तुझ्या वडिलांच्या रस्त्यावर दर उन्हाळ्यात लोकांच्या चपला चिकटतात. आधी तेवढं बंद करायला सांग त्यांना.”

वडील माझे दोनच महिन्यांपूर्वी, माघात गेले होते. यांना ते आठवलं नसावं, कारण नंतरही यांचं हसू तसंच होतं. मी काडी टाकून दिली आणि गव्हाकडे वळले. त्या क्षणी मी ठरवलं, की आता तोंड उघडायचं नाही. नुसतं बघायचं.

आणि बघण्यासारखं पुष्कळ होतं. निघालेले तुकडे यांनी उकिरड्यावर फेकले. कडा कापल्या नाहीत, माती झाडली नाही, नुसती फुंकर मारली. डबा अंगणात तीन विटांवर तापवला, आणि धूर असा झाला की गल्लीतली माणसं घरं सोडून बाहेर आली. मग त्यात अंगणातली मूठभर वाळू टाकून ते खड्ड्यात ओतलं आणि माझ्या उलथन्यानं सारखं केलं. उलथनं कायमचं कामातून गेलं. अण्णा आरामखुर्चीतून मार्गदर्शन करत होते. आयुष्यात एकदाही हातात कुदळ न धरलेल्या माणसाला खड्ड्याविषयी इतकं ज्ञान असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. खड्ड्याभोवती चार विटा लावून यांनी फर्मान काढलं, की रविवारपर्यंत कुणीही यावर पाय ठेवायचा नाही.

रविवारी सकाळी सहाला यांनी विटा काढल्या. पहाटेच्या गारव्यात डांबर दगडासारखं झालं होतं. हे त्यावर उभे राहिले, टाच आपटली. अण्णांनी काठीनं ठोकून पाहिलं.

“लोखंड,” अण्णा म्हणाले.

शेजारच्यांना बोलावून दाखवण्यात आलं. जोड ओळखा पाहू, असं हे प्रत्येकाला विचारत होते, आणि लोकही भिडेपोटी ओळखू येत नाही म्हणत होते. ठिगळ एखाद्या म्हशीनं बसकण मारावी तसं खोलीच्या मधोमध बसलं होतं. मी विचारलं, की सतरंजी अंथरू का. अण्णांना तो अपमान वाटला. पाहुण्यांनी जमीन बघायला नको का? सतरंजी पुन्हा माळ्यावर गेली, आणि सकाळभर सगळे त्या ठिगळाला मान देऊन कडेकडेनं वावरले.

चार वाजता बागड आले. मुलगा, त्याचे वडील आणि आत्या. वडील म्हणजे नुसते कोट घातलेले गृहस्थ, बोलायचं काम बहिणीकडे. आत्याबाई ठेंगण्या, नाकात चमकी, आणि डोळे कोळ्यासारखे कोपऱ्याकोपऱ्यातून फिरणारे. पडदे पाहून झाले, छत पाहून झालं. अण्णांनी विलायती जमिनीचं आख्यान लावलं. आत्याबाई म्हणाल्या, “काळी आहे,” आणि विषय मिटवला.

बाहेर फुफाटा होता. भुसावळचं चैत्राचं ऊन पत्र्यावरून थेट खोलीत उतरलं होतं. मी भिंतीकडून जाऊन पाणी दिलं, पंखे दिले. मग शालू पोह्यांचा ट्रे घेऊन आतल्या दारातून आली.

तिसऱ्या पावलाला तिचा उजवा पाय ठिगळावर पडला आणि तिथेच राहिला. हातात ट्रे, त्यात सहा बश्या, आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर. तिनं टाच ओढली, पाय सुटला, पुढचा चिकटला, तोही ओढला. एक बशी हलली नाही. पण बघणाऱ्याला दिसलं ते एवढंच, की मुलगी पाय ओढत आली. आत्याबाईंचा पोह्यांकडे गेलेला हात मागे आला.

शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, नोकरी सोडणार का, असं सगळं विचारून झालं. शालूनं नीट उत्तरं दिली. मग आत्याबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

“जरा चालून दाखव बरं, बाई. त्या दारापर्यंत जा अन् परत ये.”

शालू उठली आणि ठिगळाला वळसा घालून निघाली.

“अशी आडवी का चालतेस? सरळ चाल ना.”

ती सरळ चालली. जाताना दोन्ही पाय अडकले, येताना पुन्हा दोन्ही. पाय सुटल्याचा आवाज प्रत्येकाला ऐकू आला. तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. भर वर्गात छडी खाणाऱ्या हुशार मुलीचा चेहरा असतो, तसा तो होता.

यांना तोवर कंठ फुटला. “ते जरा डांबर... उन्हानं मऊ झालंय. हात लावून बघा तुम्ही.”

आत्याबाईंनी हात लावला नाही. कशाला लावतील? हवं ते त्यांना मिळालं होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, “असू द्या. नाचता येईना, अंगण वाकडं.”

आणि अरविंद बागड? हा माणूस जळगावला महिनाभर रोज संध्याकाळी शालूबरोबर तलावाच्या काठानं फिरला होता. ती कशी चालते हे त्या खोलीत त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ‘आत्या, तिच्या पायात काही दोष नाही,’ एवढी सहा शब्दांची गोष्ट होती. तो बशीतला शेंगदाणा चमच्यानं इकडून तिकडे ढकलत राहिला. सहा महिने पत्रांतून चंद्रतारे तोडून आणणारा हा मर्द, त्याला एक शेंगदाणा भारी पडला.

चार दिवसांनी पत्र आलं. मुलगी सालस आहे, मात्र चालीत दोष दिसतो, तरी क्षमस्व. पत्रात संपलं असतं तर बरं होतं. आमच्या वाणी समाजात बातमीला एस.टी. लागत नाही. पुढची दोन स्थळं आली, त्यांनी आधी पायाची चौकशी केली. तिसरं आलंच नाही. शालू पुढे हेडमास्तरीण झाली, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली, आणि तोपर्यंत रोज दोन मैल शाळेत चालत जात होती, सुतासारखी सरळ. अरविंद बागडनं आत्याच्या पुतणीशी लग्न केलं. म्हातारपणी त्याचे दोन्ही गुडघे गेले असं कानावर आलं, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. मला त्याची लाज वाटत नाही.

पुढच्याच महिन्यात मिस्त्री आला आणि त्यानं ते ठिगळ उकरून टाकलं. अण्णा जाईपर्यंत पाहुण्यांना जमिनीविषयी बोलले नाहीत. यांनीही त्यानंतर हातात हातोडा धरला नाही. कुणी विषय काढला की हे उठून बाहेर जात. घरातली लहान पोरं मोठी झाली, त्यांना ही गोष्ट मीच रंगवून सांगत आले. उलथनं, म्हैस, लोखंड, शेंगदाणा. सगळे पोट धरून हसतात, आणि शेवटी शालूआत्यासाठी हळहळतात आणि यांना नावं ठेवतात. हे गेले, तरी ठेवतात.

एक भाग मात्र मी कधी सांगितला नाही.

त्या रविवारी दुपारी दोन वाजता सगळे जेवून लवंडले होते. मी बैठकीच्या खोलीत गेले, ठिगळाशी वाकले आणि अंगठा दाबला. अंगठा नखासकट आत गेला. वैशाखात रस्ता पाझरायला लागला की माझे वडील त्यावर कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, फेकायचे, मूठ मूठ, पेरणी केल्यासारखी. घटकाभरात त्यावरून बैलगाडी जायची. कच नसली तर राखही चालते. आमच्या बंबाखाली सकाळची राख होती, कोरडी, थंड. दोन मुठी चाळून भुरभुरली असती आणि वरून फडकं फिरवलं असतं, तर ठिगळ जरा मळकट दिसलं असतं, इतकंच. पाच मिनिटांचं काम.

मी उठून हात धुतले.

तेवढ्यात शालू आली, केस मोकळे, हातात गजरा. ती दारात थांबली. “वहिनी, यावरून चालायला हरकत नाही ना? तुला कळतं यातलं.”

त्या घरात एवढं एक वाक्य मला पाच वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. तेही तिनं म्हटलं.

“मला काय कळतं?” मी म्हटलं. “तुझ्या दादाला विचार.”

मला तिचं वाईट करायचं नव्हतं. मला यांचं हसं झालेलं बघायचं होतं. एखाद्या पाहुण्याचा पाय चिकटेल, अण्णांची विलायती जमीन सगळ्यांसमोर त्यांचं तोंड काळं करील आणि मग दोघंही माझ्याकडे बघतील, एवढंच मनात होतं. मुलीला चालून दाखवायला सांगतात हे मला माहीत नव्हतं, असंही नाही. मला बघायला आले तेव्हा अण्णांनीच आमच्या घराच्या अंगणात मला तीन फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

पाहुणे गेल्यावर शालू मागच्या अंगणात जाऊन दगडावर बसली. आत हे आणि अण्णा एकमेकांवर दोष ढकलत त्या ठिगळावरून येरझारा घालत होते, आणि दोघांच्या पायांचे ठसे ओसरीपर्यंत उमटले होते. मी रॉकेलची बाटली आणि चिंधी घेऊन तिच्यासमोर बसले. तिचा पाय मांडीवर घेतला आणि तळवा पुसू लागले. डांबर बोटांच्या बेचक्यांत गेलं होतं. ती रडत नव्हती. मी अरविंदला शिव्या देत होते, आत्याला देत होते, यांना देत होते. मला थांबता येत नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, “वहिनी, पाणी तू दिलंस. पान तू दिलंस. ट्रे उचलायलाही तूच आलीस. तुझे तळवे दाखव.”

मी चिंधी पुन्हा रॉकेलमध्ये बुडवली.

“दाखव ना.”

मी पाय साडीखाली ओढून घेतले आणि तिची टाच घासत राहिले. तिनं माझ्या हातातून आपला पाय काढून घेतला, चिंधीही घेतली, आणि राहिलेलं डांबर स्वतः पुसलं.